आकड्यांचे सोवळे

पाणी शुद्ध की अशुद्ध, हे आपण शेकडो वर्षे त्याला कोणाचा हात लागला यावरून ठरवीत आलो. त्यात काय विरघळले आहे, ते कोणत्या खडकातून पाझरले, कोणत्या खाणीच्या अंगाने वाहत आले, हा प्रश्न आपल्या सोवळ्यालाही पडला नाही आणि संसारालाही पडला नाही. 1923 साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. 1924 मध्ये महाडच्या नगरपालिकेने तो आपल्यापुरता मान्यही केला. तरीही 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्यांची डोकी त्याच गावात फुटली, आणि नंतर तळे पवित्र करण्यासाठी त्यात पंचगव्य ओतले गेले. त्या तळ्याचा खटला उच्च न्यायालयात अखेर 1937 साली निकाली निघाला. त्याच 1937 साली मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून शॉर्ट आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी एक शोध प्रसिद्ध केला: तिथल्या काही खेड्यांतली माणसे विहिरींच्या पाण्यातील फ्लोराइडमुळे हाडांनी आखडत, वाकत चालली आहेत. पाणी कोणी प्यावे हे सांगणारा कागद आणि पाण्यात काय आहे हे सांगणारा कागद एकाच वर्षी आपल्या हाती आले. पहिला आपण नाइलाजाने आणि अर्धामुर्धा वाचला. दुसरा वाचण्याची गरज आहे, हेच अजून आपल्याला पटलेले नाही.

हा आरोप मी सरकारवर करीत नाही, निदान आधी नाही. सरकारी दफ्तरे आपल्यातलीच माणसे चालवतात, आणि ज्या घरांतून ती येतात त्या घरांचे संस्कार घेऊनच खुर्चीत बसतात. ज्या समाजाने पाण्याचा विटाळ डोळ्यांनी आणि जातीने ओळखला, त्याला मापाने ओळखलेला दोष खरा वाटत नाही. पाणी नितळ आहे ना, चवीला गोड आहे ना, आजोबा-पणजोबा हेच प्याले ना, एवढ्यावर आपले समाधान होते. वाहते पाणी निर्मळ असते, हे वचन आपण इतक्या वेळा ऐकवले की ते तपासण्याचे धैर्यच कोणाला उरले नाही. प्रबोधनाचा वारसा सांगणाऱ्या घरांतही पाण्याची चाचणी कधी झाली असे विचारले तर गप्पच बसावे लागेल. लिहिणाराही त्याच पंगतीतला आहे.

वास्तविक जमीन आपल्यापासून काही लपवीत नाही. डोंगरउतारावर जे झिजते ते पावसाळ्यात ओढ्यात उतरते. म्हणून दोन ओढ्यांच्या संगमाच्या जरा वरच्या अंगाला तळातून उचललेला मूठभर बारीक गाळ वरच्या काही चौरस किलोमीटरांतील खडकांचा आणि मातीचा जबाब देतो. वर तांबे असेल तर तांब्याचा, जस्त-शिसे असेल तर त्याचा, आणि जुन्या खाणीची विषारी रेव वाहून येत असेल तर तिचाही. त्याच ठिकाणचे पाणी विरघळलेल्या क्षारांबद्दल सांगते. गाळ वर्षांचा हिशेब सांगतो, पाणी त्या ऋतूचा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही 1851 सालची संस्था 2001 पासून देशाचा असा भूरासायनिक नकाशा रचीत आहे. चार चौरस किलोमीटरला ओढ्याच्या गाळाचा एक एकत्रित नमुना, बारीक चाळणीतून चाळलेला, आणि त्या प्रत्येक नमुन्यात पन्नासहून अधिक मूलद्रव्यांचे मापन, असे ते काम आहे. कोणत्याही पुराणात इतके सत्य इतक्या चिकाटीने कोणी गोळा केले नव्हते.

पण हे सत्य फार नाजूक असते, आणि इथेच आपल्या सवयी त्याच्या मुळावर येतात. धातू मोजायचे असतील तर पाणी ओढ्याकाठीच बारीक गाळणीतून गाळून त्यात नायट्रिक आम्लाचे थेंब घालावे लागतात. नाहीतर लोह बाटलीच्या तळाशी बसते, सोबत आर्सेनिकही खाली नेते, आणि प्रयोगशाळेत पोचलेले पाणी निष्पाप ठरते. फ्लोराइडसाठी काचेची बाटली चालत नाही, प्लास्टिकची लागते. आम्लता जागेवरच मोजावी लागते, कारण संध्याकाळपर्यंत ती बदललेली असते. गाळ कडक आचेवर वाळवला तर पारा उडून जातो. ब्रिटनच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तर नमुने घेण्याचा क्रम आणि तपासण्याचा क्रम मुद्दाम वेगवेगळा ठेवण्याची शिस्त घालून घेतली. एका ओढ्याचे सगळे नमुने ओळीने तपासले आणि यंत्र दिवसभरात जरा सरकत गेले, तर यंत्राचा दोष त्या ओढ्याचा गुण होऊन बसतो आणि नकाशावर नसलेली खाण उगवते. म्हणून क्रमांक विस्कटायचे, मध्ये मध्ये ज्ञात प्रमाणाचे नमुने घालायचे, काही नमुने दोनदा तपासायचे, आणि स्वतःच्या हातावरही विश्वास ठेवायचा नाही. स्वतःवर इतका पद्धतशीर संशय घेण्याला विज्ञान नीती मानते. आपल्याकडे असा संशय कोणी घेतला तर तो अपमान ठरतो. साहेबांनी पाठवलेला नमुना पुन्हा कसा तपासायचा? गुरुजींनी सांगितलेला आकडा चुकीचा कसा म्हणायचा?

आता एका साध्या रकान्याकडे पाहा. नोंदवहीत एका विहिरीपुढे आर्सेनिकचा रकाना कोरा आहे. त्या कोरेपणाचे अर्थ तीन असू शकतात: तपासले आणि सापडले नाही; तपासले, पण यंत्राला दिसेल इतके नव्हते; किंवा तपासलेच नाही. पहिला निर्वाळा आहे, दुसरा मर्यादेची कबुली, तिसरे निव्वळ अज्ञान. ही तिन्ही वेगवेगळ्या खुणांनी लिहायची असतात. आपल्या हिशेबात मात्र तिन्हींच्या जागी शून्य बसते, कारण कोरा रकाना वरिष्ठांना आवडत नाही आणि तक्ता भरलेला दिसला पाहिजे. मग त्या शून्याची सरासरी निघते, सरासरीवरून तालुका सुरक्षित ठरतो, आणि सुरक्षित तालुक्यातल्या दुखऱ्या गुडघ्यांना कारण उरत नाही. ठिकाणाचेही तसेच. जुन्या नकाशांचा पाया एक, उपग्रहावरून स्थान सांगणाऱ्या यंत्राचा दुसरा. दोन्ही न जुळवता एकाच तक्त्यात भरले की बिंदू सरकतो, आणि एका ओढ्याचा दोष शेजारच्या ओढ्याच्या माथी बसतो. एकाने दशलक्षांशात लिहिले, दुसऱ्याने अब्जांशात, आणि एकक लिहायचे दोघेही विसरले, तर एक हजारपटीचा फरक मुकाट्याने कागदावर राहतो. खोटे बोलण्याचा हेतू यात कोणाचाच नसतो. कागद पुरा करायचा एवढाच हेतू असतो, आणि ही निर्दोष दिसणारी रीतच सर्वांत निर्दय आहे.

ही निर्दयता कुठवर जाते ते बंगालने दाखवले. 1983 साली कलकत्त्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी खेड्यांतून आलेल्या रुग्णांच्या तळहातांवरचे खडे आणि अंगावरचे डाग पाहून नळकूपांच्या पाण्यातील आर्सेनिकचा माग काढला. हिमालयातून आलेल्या गाळातील लोहाला चिकटलेले हे विष जमिनीखालच्या प्राणवायूविरहित थरांत सुटते आणि पंपातून वर येते. गंगेचा त्रिभुज प्रदेश एकच, गाळ एकच, पण मध्ये सरहद्द होती, आणि ते ज्ञान सरहद्द ओलांडायला दहा वर्षे लागली. बांगलादेशात आर्सेनिक सापडले 1993 साली. त्याच्या आदल्याच वर्षी, 1992 मध्ये, ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तिथल्या 150 नळकूपांचे पाणी तपासले होते. अनेक मूलद्रव्ये मोजली. आर्सेनिक मोजले नाही. अहवालात त्याचा उल्लेख नसणे हाच वाचणाऱ्याच्या लेखी निर्वाळा ठरला. पुढे एका बाधित बांगलादेशी माणसाने दावा लावला, आणि 2006 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितले की ज्याची जबाबदारी स्वीकारलीच नव्हती त्याबद्दल संस्थेला दोषी धरता येत नाही. कायद्याने ते बरोबर असेलही. पण परक्यांकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. साहांचे रुग्ण आपल्या देशातले होते, ती नोंद आपल्या शहरात झाली होती, आणि ती हाताशी असताना शेजाऱ्याच्या अंगणात तेच पाणी आहे हे ओरडून सांगण्याची निकड आपल्याला वाटली नाही. त्या विषाची लक्षणे अंगावर घेऊन जगणाऱ्या बायकांना सासरहून परत पाठवणारे, त्यांना कुष्ठरोगी समजून पंगतीतून उठवणारे लोक तर नदीच्या दोन्ही तीरांवर होते.

महाराष्ट्राने स्वतःला वेगळे समजू नये. आपली सुमारे चार पंचमांश भूमी काळ्या बेसाल्टची आहे, म्हणून पूर्व विदर्भातील आणि नांदेडच्या कडेचा जुना ग्रॅनाइट-नीस आपल्या नजरेआड राहतो. राज्याच्या राजकारणात तो प्रदेश जसा राहतो तसाच. 1972 च्या दुष्काळात आपण तहानेने हैराण झालो आणि खडक फोडून खाली उतरलो. त्याच वर्षी राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा उभी राहिली. सोलापुरात घडलेल्या मजबूत हातपंपाच्या धाटणीवरून पुढे देशभर गेलेला इंडिया मार्क टू तयार झाला. हे पुण्यकर्म होते, आणि ते करणाऱ्यांचे ऋण मोठे आहे. परंतु खोल खडकात वर्षानुवर्षे मुरलेले पाणी खडकातील फ्लोराइड उचलून घेते. कॅल्शियम कमी आणि बायकार्बोनेट जास्त असले की ते आणखी चढते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांत ते चढले. किती पंप बसले याची मोजदाद आपण अभिमानाने केली. पंपातून काय आले याची मोजदाद मागे राहिली. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड मान्य, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत, अशी भारतीय मानकाची मर्यादा आहे. तिच्यापलीकडे आधी मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटतात, मग सांधे आखडतात, मग कणा वाकतो. गेलेला कणा परत सरळ होत नाही.

त्या वाकलेल्या माणसाशी आपण काय केले? पट्टेरी दातांच्या मुलीला दात न घासणारी म्हटले. तिचे लग्न मोडले तेव्हा तिच्या आईला दोष दिला. चाळिशीत काठी धरणाऱ्या शेतमजुराला वात झाला म्हणून तेल चोळले, आणि नंतर नशीब म्हणून सोडून दिले. गावात विचारले तर सांगतात, पाणी चांगले आहे, त्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो. टीसीएलने जंतू मरतात, फ्लोराइड तिथेच राहते. शहाणा माणूस सल्ला देतो, उकळून प्या. उकळल्याने वाफ जाते आणि उरलेल्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण उलट वाढते. चुलीपुढे बसून जळण खर्चून ते पाणी उकळणाऱ्या बाईने आपल्या सल्ल्यावर विश्वास ठेवला होता. तिच्या पंपाचा आकडा तालुक्याच्या कपाटात असूनही तिला कळला नसेल, तर तिच्या लेकराच्या दातांवरचा डाग त्या कपाटाच्या किल्लीचा आहे.

ही कपाटाची रीत कुठून आली, हे आपल्या इतिहासाला विचारावे. गावचे दफ्तर कुळकर्ण्याच्या घरी असे. जमिनीची नोंद, साऱ्याची नोंद, कर्जाची नोंद त्याच्या बासनात. ज्याच्या नावावर नोंद असे त्यालाच ती वाचता येत नसे. जोतिराव फुल्यांनी याच अन्यायावर बोट ठेवले होते. कायद्याने ते वतन 1950 साली संपवले. मनातले संपले नाही. आजचा अभियंता, आजचा संशोधक, आजचा प्राध्यापक आपल्याजवळच्या आकड्यांकडे वतन म्हणूनच पाहतो. प्रबंध पुरा होईपर्यंत देणार नाही. पुरा झाल्यावर विचारणारा कोणी उरत नाही. बदली झाली की फील्डबुक घरी जाते, निवृत्ती झाली की रद्दीत जाते. शेकडो ओढ्यांत उतरून कोणी कोणी भरलेल्या पिशव्या गोदामात उंदरांनी फोडल्या, चिठ्ठ्या भिजल्या, क्रमांक गेले. आणि क्रमांक गेलेला गाळ हा नुसता गाळ असतो. आकड्यांना आपण सोवळ्यात ठेवले आहे. अनधिकाऱ्याने त्यांना शिवू नये, आणि अधिकाऱ्याने ते वापरू नयेत, अशी ही पूजा आहे.

या सोवळ्याला खालची एक पायरीही आहे. गुडघाभर पाण्यात उतरून गाळ उपसणारा, तो चाळणारा, पिशवी पाठीवर घेऊन डोंगर चढणारा माणूस बहुधा रोजंदारीवरचा असतो. ओढ्याचा रंग कधी बदलला, वर जुनी खाण कुठे आहे, कोणत्या नाल्याचे पाणी जनावरे पीत नाहीत, हे त्याला ठाऊक असते. ते नोंदवहीत येत नाही, कारण त्याला कोणी विचारत नाही. ज्यांनी शतकानुशतके चिखलाला हात लावला त्यांना आपण ज्ञानाच्या बाहेर ठेवले, आणि ज्यांना ज्ञानाचा मान दिला त्यांना चिखलाचा विटाळ शिकवला. अशा समाजात ओढ्याचा गाळ शास्त्र होऊन वर यावा कसा? नमुना कोणी घेतला, हा रकाना आपल्याकडे सहीपुरता असतो, आणि सही बहुतेक वेळा न उतरलेल्या माणसाची असते.

कोणी म्हणेल, आता काळ बदलला. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे आणि आकडे भूकोश या संकेतस्थळावर खुले आहेत, आणि 2023 पासून राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडारही उघडले आहे. हे मोठे पाऊल आहे आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण तळे कागदावर खुले होण्यात आणि ओंजळीत पाणी येण्यात किती अंतर असते, हे महाडने आपल्याला शिकवले आहे. इंग्रजीतला तक्ता, दशलक्षांशातले प्रमाण आणि टोपोशीटचा क्रमांक यांतून यवतमाळकडच्या झरीच्या किंवा नांदेडकडच्या किनवटच्या आजीपर्यंत काही पोचत नाही. पोचवणारा मधला माणूस शिकलेला असतो, आणि तो आपल्यापैकी कोणीतरी असतो. तो ते नकाशे उघडतो तेव्हा त्यात खनिज शोधतो. खनिज शोधण्यात गैर काही नाही. त्याच पानावरची गावे न पाहण्यात आहे.

दुसऱ्यांनी हे केलेले आहे, म्हणून अशक्य म्हणण्याची सोय आपल्याला नाही. 1978 साली इंग्लंड-वेल्सचा वुल्फसन भूरासायनिक नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. तो ओढ्यांच्या गाळावरच उभा होता. त्यात सॉमरसेट परगण्यातील शिपहॅमच्या परिसरात कॅडमियम विलक्षण जास्त दिसले, कारण ते खेडे जस्ताच्या जुन्या खाणींवर वसलेले होते. नकाशा पाहून तिथले शास्त्रज्ञ थांबले नाहीत. अंगणातली माती तपासली, परसातली भाजी तपासली, गावकऱ्यांची तपासणी केली, आणि जे निघाले ते त्यांच्यापुढे ठेवले. मोठा अनर्थ निघाला नाही, ही चांगली गोष्ट. पण तेही विचारल्यावरच कळले. तिथली माणसे आपल्यापेक्षा सद्गुणी आहेत म्हणून हे घडले असे नाही. आकडा हा ज्याच्या अंगणातला, त्याचा पहिला हक्क, एवढी एक गोष्ट त्यांच्या व्यवहारात मुरली होती. ती आपल्यातही मुरेल, कारण सतीची चाल, बालविवाह, विधवेचे केशवपन याही गोष्टी सनातन म्हणूनच आपल्याला सांगितल्या गेल्या होत्या.

काय करायचे, ते गूढ नाही. मूळ आकडा कधीही खोडायचा नाही. दुरुस्ती शेजारी लिहायची आणि कारण लिहायचे. तपासले नाही आणि सापडले नाही यांची खूण कायमची वेगळी करायची. प्रत्येक आकड्याबरोबर एकक, तारीख, ऋतू, पद्धत, यंत्राची खालची मर्यादा आणि प्रत्यक्ष ओढ्यात उतरलेल्या माणसाचे नाव ठेवायचे. गाळाचा राखून ठेवलेला भाग क्रमांकासह जपायचा, कारण आज आपल्याला न सुचलेला प्रश्न उद्याची मुलगी त्याला विचारणार आहे. भूगर्भाचे आकडे आणि दवाखान्याचे आकडे एका नकाशावर आणायचे. आणि प्रत्येक स्रोताचा निकाल मराठीत, पंपाशेजारी, ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवायचा. माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्याचे चौथे कलम न मागता माहिती जाहीर करण्याचे कर्तव्य घालून देतेच. शाळेतल्या मुलांना पाण्याचे क्षार मोजायला आणि लिहून ठेवायला शिकवले, तर दहा वर्षांत प्रत्येक गावाला आपल्या ओढ्याचा इतिहास पाठ असेल. यातल्या एकाही गोष्टीला फार पैसा लागत नाही. लागतो तो जुना अहंकार सोडण्याचा निर्धार.

कोणत्या विहिरीवर कोणी भरायचे नाही, याची नोंद आपण कागदाचा एक तुकडाही न वापरता पिढ्यान्‌पिढ्या अचूक ठेवली. एकही विहीर चुकली नाही, एकही घर सुटले नाही. लहान पोरालाही ती पाठ होती. तेव्हा नोंद ठेवण्याची शिस्त आपल्याला जमत नाही, ही सबब आपल्या तोंडी शोभत नाही. ती शिस्त आपल्यात भरपूर होती आणि आपण ती माणसाला पाण्यापासून दूर ठेवण्यासाठी खर्च केली. तेवढीच चिकाटी आता पाण्यातले विष माणसापासून दूर ठेवण्यासाठी लावायची आहे. हे ऋण आहे, आणि ते फेडायला आपण आजच बसू शकतो: आपल्या गावच्या पाण्याचा शेवटचा निकाल ग्रामपंचायतीकडे लेखी मागून, आणि तो मिळाला नाही तर का नाही, हे सर्वांसमोर विचारून.